औषधाचं वावडं आणि उंदरांची साक्ष

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे औषधांचे मोठे कारखाने आहेत. तिथे यंत्रातून पडणारी प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी हुबेहूब असावी लागते. वजन तेच, घटक तेच, रंगही तोच. पण ही गोळी गिळणारी माणसं मात्र एका साच्यातून निघालेली नसतात. एकाच पाकिटातली गोळी एका भावाला बरं करते आणि दुसऱ्या भावाच्या अंगावर गांधी उठवते. क्वचित एखाद्याला तर त्याच गोळीपायी तातडीने घाटी रुग्णालय गाठावं लागतं. गोळी तीच, डोस तोच, मग फरक कुठे पडला?

आपल्याकडे यावर एक तयार उत्तर आहे : व्यक्ती तितक्या प्रकृती. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. प्रकृती म्हणजे नेमकं काय? शरीरातल्या कोणत्या ठिकाणी हा फरक लिहिलेला असतो? तो आधी वाचता येईल का? या प्रश्नांची उत्तरं शोधताना शास्त्रज्ञांना सगळ्यात मोठी मदत झाली ती उंदरांची. आज त्याच उंदरांची साक्ष आपण ऐकणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. औषधाचा दुष्परिणाम आणि औषधाचं वावडं, म्हणजेच अॅलर्जी, या दोन वेगळ्या बाबी आहेत. वेदनाशामक गोळीने पोटात जळजळ होणं किंवा सर्दीच्या गोळीने गुंगी येणं हा दुष्परिणाम. तो त्या औषधाच्या गुणधर्मातच असतो आणि कमीअधिक प्रमाणात कोणालाही होऊ शकतो. वावड्याचं तसं नाही. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, आणि या लढाईत नुकसान होतं ते आपल्याच त्वचेचं, यकृताचं, रक्तदाबाचं. हजारो लोकांना जे औषध सुखाने पचतं, ते एखाद्यालाच का सोसत नाही, हा आपला आजचा प्रश्न आहे.

आता उंदरांकडे वळू. एकाच बाह्य कारणाला दोन ठिकाणचे मूषक वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो, प्लेगचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. तिथे संशोधकांच्या असं लक्षात आलं की, मुंबईचे घरउंदीर प्लेगला बऱ्यापैकी तोंड देतात, पण मद्रासचे उंदीर मात्र त्याच जंतूंनी पटापट मरतात. मद्रासेत प्लेगचा जोर जवळजवळ नव्हताच. मुंबईत मात्र साथीमागून साथ येत गेली, दुबळे उंदीर मरत गेले आणि टिकून राहिलेल्यांची संतती वाढली. जंतू एकच, पण पुढ्यातला वंश वेगळा. औषधांच्या बाबतीतही असंच काही असेल का, हा प्रश्न इथून फार दूर नव्हता.

पण रस्त्यावरच्या उंदरांवर असा अभ्यास नेटका होत नाही, कारण तेही माणसांसारखेच एकमेकांपेक्षा वेगळे असतात. ही अडचण अमेरिकेत क्लॅरन्स कुक लिटल यांनी सोडवली. १९०९ मध्ये त्यांनी उंदरांच्या सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान् पिढ्या करायला सुरुवात केली. असं वीस पिढ्या केलं की त्या वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे होतात. सगळ्यांची जनुकं सारखीच. शेतकरी श्रोत्यांना बियाण्याचा शुद्ध वाण म्हणजे काय हे सांगायला नको. तसेच हे उंदरांचे शुद्ध वाण. आता दोन वाण शेजारी ठेवा, खाणं तेच, पिंजरा तोच, औषधही तेच. तरी एकाला त्रास झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर बोट ठेवायला जागा उरते ती मुख्यतः जनुकांवर.

आणि नेमकं तसंच दिसलं. पाऱ्याचा क्षार अत्यल्प प्रमाणात टोचला, तर काही वाणांच्या उंदरांची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागते. दुसऱ्या एका वाणाचे उंदीर मात्र तोच क्षार टोचूनही शांत राहतात. हा फरक पिढ्यान् पिढ्या चालत येतो, म्हणजे तो त्यांच्या वंशातच लिहिलेला आहे.

पण वंशात म्हणजे नेमका कुठे? १९३६ मध्ये लंडनमध्ये पीटर गोरर यांना उंदरांच्या पेशींवर एक खूण सापडली. एका उंदराचं कातडं किंवा गाठ दुसऱ्या उंदराला बसवली तर ती टिकेल की नाही, हे ती खूण ठरवत होती. पुढे जॉर्ज स्नेल यांनी तिच्या मागची जनुकं हुडकली. या जनुकसमूहाला 'एच-२' असं नाव मिळालं. माणसातली अशीच व्यवस्था फ्रान्सच्या जाँ दॉसे यांनी १९५८ मध्ये दाखवून दिली. तिला आपण 'एचएलए' म्हणतो. मूत्रपिंड बदलण्यापूर्वी जे 'टिश्यू मॅचिंग' करतात, ते याच एचएलएचं. स्नेल, दॉसे आणि गिनी पिगमध्ये अशी जनुकं शोधणारे बेनासेराफ या तिघांना १९८० चं नोबेल पारितोषिक मिळालं.

हे एचएलए करतं तरी काय? अशी कल्पना करा की आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारात काही ओंजळी पुढे केलेल्या आहेत. आत जी प्रथिनं तयार होतात, त्यांचे बारीक तुकडे पेशी या ओंजळीत ठेवून बाहेर दाखवते. 'टी पेशी' नावाचे गस्तीचे शिपाई दारोदार फिरतात आणि ओंजळीत काय आहे ते बघतात. घरचाच तुकडा दिसला तर पुढे जातात, विषाणूचा परका तुकडा दिसला तर हल्ला चढवतात. या ओंजळीचा आकार एचएलए जनुकं ठरवतात आणि तो माणसागणिक वेगळा असतो. साथीच्या रोगात सगळी माणसं एकदम बळी पडत नाहीत, याचं श्रेय काही अंशी याच वैविध्याला आहे. पण याच वैविध्यामुळे कधीकधी औषधाचा घोटाळा होतो.

त्याचं सगळ्यात उत्तम उदाहरण म्हणजे अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध. १९९८ च्या अखेरीस ते अमेरिकेत मंजूर झालं. औषध गुणकारी होतं, पण शंभरातल्या पाच ते आठ रुग्णांना ताप, पुरळ, उलट्या, धाप असा त्रास व्हायचा. औषध थांबवलं की तो ओसरायचा. पण बरं वाटलं म्हणून तेच औषध पुन्हा दिलं, तर काहींच्या जिवावर बेतायचं. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी दाखवलं की, या रुग्णांमध्ये एचएलएचा एक विशिष्ट प्रकार आढळतो. त्याचं नाव 'एचएलए-बी ५७:०१'. मग १९ देशांतल्या १९५६ रुग्णांवर एक चाचणी झाली. औषध देण्यापूर्वी एका गटाची जनुक तपासणी केली आणि हा प्रकार असणाऱ्यांना ते औषध दिलंच नाही. २००८ मध्ये निकाल आला : तपासलेल्या गटात त्वचाचाचणीने सिद्ध झालेलं वावडं एकालाही झालं नाही. न तपासलेल्या गटात ते शंभरात जवळपास तिघांना झालं.

हे का होतं, याचा उलगडा २०१२ मध्ये झाला. अबॅकॅव्हिरचा रेणू त्या विशिष्ट ओंजळीच्या तळाशी असलेल्या खाचेत नेमका जाऊन बसतो. त्यामुळे ओंजळीचा आकार बदलतो आणि तिच्यात नेहमीपेक्षा वेगळे तुकडे मावू लागतात. तुकडे घरचेच असतात, पण ते दारात कधी आलेले नसल्याने शिपायांना अनोळखी वाटतात. झालं, घरच्याच माणसांवर हल्ला सुरू! खाच वेगळी असेल तर औषध तिथे बसतच नाही आणि काही घडत नाही.

इथे मात्र एक कोडं उरलं. ५७:०१ हा प्रकार असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो का? नाही, सुमारे निम्म्यांनाच होतो. मग उरलेल्या निम्म्यांना कोण वाचवतं? माणसावर असा प्रयोग करणं शक्य नाही, कारण औषध घातक आहे हे माहीत असताना ते मुद्दाम द्यायचं कसं? पुन्हा उंदरांनाच विचारावं लागलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या संशोधकांनी माणसाचं ५७:०१ हे जनुक उंदरात बसवलं आणि २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता या उंदरांच्या पेशींच्या दारात माणसासारखी ओंजळ होती. त्यांना अबॅकॅव्हिर दिलं, आणि आश्चर्य म्हणजे ते उंदीर निवांत राहिले.

जनुक आहे, औषध आहे, तरी वावडं नाही! मग संशोधकांनी त्या उंदरांमधल्या एका विशिष्ट प्रकारच्या टी पेशी, ज्यांना 'सीडी-४' म्हणतात, त्या काढून टाकल्या आणि पुन्हा औषध दिलं. या वेळी हल्लेखोर पेशी जाग्या झाल्या आणि त्वचेत दाह सुरू झाला. याचा अर्थ असा की, शरीरात जसे शिपाई आहेत, तसे त्यांचा हात धरणारे जमादारही आहेत. जनुक दार उघडतं, पण आत काय घडेल हे या जमादारांवरही अवलंबून असतं. मला वाटतं, या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जनुक म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. जनुक म्हणजे धोक्याची पाटी. घाटाच्या वळणावर पाटी असते, म्हणून प्रत्येक गाडी दरीत जात नाही. पण पाटी वाचता येत असताना न वाचणं शहाणपणाचं नाही.

दुसरा एक प्रयोग हेच वेगळ्या रीतीने सांगतो. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरचे मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा नेव्हिरॅपिन हे त्यातलं एक मुख्य औषध होतं. काही रुग्णांना त्याचं पुरळ यायचं. कॅनडातल्या टोरांटोच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे औषध मोठ्या उंदरांना, म्हणजे इंग्रजीत ज्यांना 'रॅट' म्हणतात त्यांना दिलं. एका वाणाच्या सगळ्या माद्यांना पुरळ आलं. दुसऱ्या वाणाच्या माद्यांपैकी पाचातल्या एखादीलाच आलं. आणि नरांना कोणत्याच वाणात आलं नाही. म्हणजे वाणाने फरक पडला आणि नर-मादीनेही पडला. नेव्हिरॅपिनचं पुरळ माणसांतही स्त्रियांमध्ये अधिक आढळतं. आपल्या मुंबईतही परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या संशोधकांनी नेव्हिरॅपिनचं पुरळ आणि एचएलए यांचा संबंध तपासून २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

श्रोतेहो, हे सगळं परदेशातलं आणि महागड्या औषधांचं, असं वाटू देऊ नका. आता आपल्या घराजवळची दोन औषधं पाहू.

पहिलं कार्बामाझेपिन. फिट येणाऱ्या रुग्णांना आणि चेहऱ्याच्या नसेतून जीवघेणी कळ येणाऱ्यांना हे औषध वर्षानुवर्षं दिलं जातं. स्वस्त आहे आणि बहुतेकांना उत्तम लागू पडतं. पण अगदी थोड्यांना पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, डोळे जळजळतात, तोंडात फोड येतात आणि कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. याला 'स्टीव्हन्स-जॉन्सन' म्हणतात, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी असे ४४ रुग्ण तपासले. सगळ्यांमध्ये 'एचएलए-बी १५:०२' हा एकच प्रकार निघाला. पुढे तिथे ४८७७ जणांची आधी तपासणी करून मगच औषध दिलं, तेव्हा एकालाही हा आजार झाला नाही. एरवी दहाएक जणांना तो होईल असा अंदाज होता. भारतात २००९ मध्ये गुजरातेतल्या संशोधकांनी असे आठ रुग्ण तपासले, त्यातल्या सहांमध्ये हाच प्रकार सापडला. आठ ही संख्या लहान आहे, पण बोट त्याच दिशेला आहे. भारतीयांमध्ये हा प्रकार सरासरी शंभरात दोन ते चार जणांत असतो आणि काही समाजगटांत त्याहून अधिक असतो.

दुसरं औषध डॅप्सोन. महाराष्ट्राला कुष्ठरोग नवा नाही. वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय, बाबा आमटे यांचं आनंदवन ही नावं त्या लढाईचीच आहेत. त्या लढाईतलं जुनं हत्यार म्हणजे डॅप्सोन. आजही बहुविध औषधोपचारात ते असतं आणि लाखो रुग्ण त्याने बरे झाले आहेत. पण काही जणांना चार-सहा आठवड्यांनी ताप, पुरळ आणि कावीळ होते. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी या त्रासाचा संबंध 'एचएलए-बी १३:०१' या प्रकाराशी असल्याचं दाखवलं. हा प्रकार युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. भारतीयांत मात्र गटागणिक शंभरात एकापासून बारा जणांपर्यंत तो आढळतो. म्हणून युरोपात सुरक्षित ठरलेलं औषध इथेही तितकंच सुरक्षित असेल, असं गृहीत धरता येत नाही. आपल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास आपणच करायला हवा, तो यासाठी.

आता वावड्याची दुसरी वाट. काहींना औषध आयुष्यात पहिल्यांदाच दिलं आणि काही मिनिटांत अंग लाल होऊन खाज सुटली, रक्तदाब उतरला, असं होतं. प्रतिकारयंत्रणेची आधी ओळखच झालेली नसताना हे कसं घडतं? आपल्या त्वचेत 'मास्ट पेशी' असतात. हिस्टामिन नावाचं रसायन त्यांच्यात ठासून भरलेलं असतं. ते सुटलं की गांधी उठतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांच्या मास्ट पेशींवर एक कळ सापडली आणि २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारी काही औषधं आणि सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकं ही कळ थेट दाबतात. ज्या उंदरांमध्ये या कळीचं जनुक निकामी केलं, त्यांना हा त्रास झालाच नाही. माणसातही अशीच कळ आहे. पण कोणत्या औषधाने ती किती जोरात दाबली जाते, यात उंदीर आणि माणूस यांच्यात फरक आहे. म्हणून उंदराची साक्ष जशीच्या तशी मान्य करता येत नाही, ती माणसांच्या नोंदींशी ताडून बघावीच लागते.

आणि त्या नोंदी कोण देणार? श्रोतेहो, त्या तुम्ही-आम्हीच द्यायच्या आहेत.

आपल्याकडे काय होतं? रुग्ण सांगतो, 'डॉक्टर, मला एकदा गोळीची रिअॅक्शन आली होती.' कोणती गोळी? 'पांढरी होती.' आता पांढऱ्या गोळ्या हजारो! नाव माहीत नसेल, तर डॉक्टरांनाही अंधारात चाचपडावं लागतं आणि तेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा पोटात जाऊ शकतं. म्हणून औषधाने त्रास झाला तर गोळीचं पाकीट फेकू नका. कंपनीने दिलेलं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव, दोन्ही वहीत उतरवा. औषध कधी सुरू केलं, कितव्या दिवशी काय झालं तेही लिहा. शक्य असेल तर पुरळाचा फोटो काढून ठेवा आणि हा कागद प्रत्येक डॉक्टरला, औषध दुकानदारालाही दाखवा. भारत सरकारचा औषध सुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य माणूसही अशी तक्रार नोंदवू शकतो.

ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग आणि अंगावर पुरळ ही लक्षणं नवं औषध सुरू केल्यावर एकत्र दिसली, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. पण भीतीपोटी फिटची किंवा कुष्ठरोगाची गोळी परस्पर बंद करू नका. त्यात वेगळाच धोका आहे. डॉक्टरांना विचारा, तपासणीची गरज आहे का ते त्यांना ठरवू द्या. प्रत्येक गोळीसाठी जनुक तपासणी लागत नाही. आज ती मोजक्याच औषधांसाठी उपयोगी आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. लहानपणी कधीतरी पुरळ आलं म्हणून अनेकजण जन्मभर 'मला पेनिसिलिन चालत नाही' असं सांगत असतात. परदेशात अशांची रीतसर तपासणी केली, तेव्हा दहातल्या नऊ जणांना ते औषध चालतं असं दिसून आलं. वावड्याचा खोटा शिक्का बसला की एक चांगलं, स्वस्त औषध हातचं जातं. म्हणून नोंद हवी, तीही खरी हवी. मात्र ते चालतं का, हे पाहण्याचा प्रयोग घरी करायचा नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

भावाला जे औषध चाललं ते आपल्यालाही चालेल, असं नसतं. आणि वडिलांना जे चाललं नाही, ते आपल्याला चालणारच नाही असंही नसतं. एचएलएचा निम्मा वाटा आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून, आणि प्रत्येक भावंडाच्या वाट्याला वेगळी जोडी येऊ शकते. तेव्हा घरात कोणाला औषधाने गंभीर त्रास झाला असेल, तर डॉक्टरांच्या कानावर ते जरूर घाला, पण त्यावरून निर्णय स्वतः घेऊ नका.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' हे आपण पूर्वापार म्हणत आलो. त्या प्रकृतीची काही पानं आता वाचता येऊ लागली आहेत आणि ती वाचायला आपल्याला पिंजऱ्यातल्या उंदरांनी शिकवलं. कुठल्या पानावर काय लिहिलं आहे ते शास्त्रज्ञ शोधतीलच. आपल्या हातात आहे ती त्रास देणाऱ्या गोळीच्या नावाची एक साधी नोंद. ती आजच करून ठेवा.